डॉ. सलीम अली आणि त्यांना वाट दाखविणारी माणसे



स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही जुनी प्रथा आहे. तथापि अशी चरित्रे बहुधा एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. चरित्रनायक लहानपणापासून कुशाग्र बुद्धीचा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा आणि वर्गातला पहिला नंबर कधीही न सोडणारा असतो. हुशार मुलाला हे वाचून हुरूप येतो. पण ज्याचे दोन विषय राहिले आहेत, ज्याला कॉलेजचा उंबरठा चढताना पोटात गोळा येतो, तो मुलगा ते पान मुकाट्याने उलटतो. म्हणून यंदा मी मुद्दाम अशा एका गृहस्थांची निवड केली आहे, की जे मॅट्रिकला कसेबसे उत्तीर्ण झाले, कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर पळून गेले म्हटले तरी चालेल, धंद्यात बुडाले आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पत्नीसह पुन्हा बेकार झाले. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून साऱ्या जगाने मान दिलेले मरहूम डॉ. सलीम अली ते हेच.

ही निवड करण्यास एक प्रसंगही कारणीभूत झाला, तो आधी सांगतो.

मी कात्रजला राहतो. सेवानिवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तलावाच्या बाजूस फिरावयास जातो. नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधलेल्या याच तलावाचे पाणी पूर्वी भुयारी मार्गाने शहरातील हौदांना जात असे. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा मला तेथे वरचेवर दिसू लागला. पाठीला दप्तर, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि वेळ मात्र कॉलेजची. ओळख निघाली. त्याचे वडील सातारा रस्त्यावर रिक्षा चालवितात. मुलगा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला, पण दोन महिने वर्गात गेलेला नव्हता. घरून वेळेवर निघायचे, दिवसभर पाण्याकडे पाहत बसायचे आणि संध्याकाळी वेळेवर घरी परतायचे, असा त्याचा क्रम चालला होता.

मी शिक्षक. मी त्याला तासभर उपदेश केला. वडिलांचे कष्ट, समाजाची स्थिती, शिक्षणाचे महत्त्व, काहीही म्हणून शिल्लक ठेवले नाही. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून तो मला टाळू लागला. माझे काय चुकले, हे मला त्या दिवशी समजले नाही. पुढे सलीम अलींचे आत्मचरित्र पुन्हा वाचनात आले, तेव्हा थोडेफार उमगले.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा जमातीच्या एका कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. पोरक्या झालेल्या या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतील घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच विस्तृत घराण्यातले, तसेच गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजीही. घराणे नामांकित होते. त्यामुळे मुलाकडून अपेक्षाही तशाच असणार, हे सांगावयास नको.

लहान सलीमला अभ्यासापेक्षा छऱ्याच्या बंदुकीचा नाद अधिक. त्या काळी शिकार हा खेळ समजला जाई, आणि चिमण्या मारून खाण्यात कोणास वावगे वाटत नसे. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीची चिमणी तर अशी नसते. आता ही खाण्यास जायज आहे की नाही, अशी शंका त्याला आली आणि तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला.

या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. असा प्रसंग आपल्या घरी घडता तर आपण काय केले असते? बहुतेकांनी मुलाच्या हातातली बंदूक काढून घेतली असती आणि पाढे म्हणावयास बसविले असते. अमीरुद्दीन मामा स्वतः शिकारीचे शौकीन होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या काही भारतीय सभासदांपैकी एक होते. परंतु हा पक्षी कोणता, हे त्यांनाही सांगता येईना. आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी भाच्यापासून लपविले नाही. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलाला तो पक्षी घेऊन त्यांच्याकडे पाठविले.

मिलर्ड हे इंग्रज गृहस्थ फिप्सन या मद्याच्या व्यापारी पेढीत काम करीत आणि फावल्या वेळात सोसायटी सांभाळीत. सोसायटीचे कार्यालय तेव्हा फोर्ट भागात होते. दहा-बारा वर्षांचा देशी मुलगा मेलेली चिमणी घेऊन साहेबाच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याची छाती किती धडधडली असेल याची कल्पना करावी. मिलर्डसाहेबांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी पक्षी हातात घेतला आणि ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असे ओळखून सांगितले. (ही चिमणी आपल्या भागातल्या रानातही आढळते, पण थांबून पाहणारा हवा.) मग एकामागून एक कप्पे उघडून भारतातील नाना जातींचे, पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्या मुलाला दाखविले. वाचावयास पुस्तके दिली. त्यांत ई. एच. ऐटकिन यांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तक होते. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून ते टिकवावे कसे, हेही त्याला तेथेच शिकावयास मिळाले. या शिक्षणात नॉर्मन किनियर या तरुण क्युरेटरने हातभार लावला; हेच किनियर पुढे लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक झाले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पाठ्यपुस्तकांतही ती येऊन गेली आहे. चिमणी मिळाली, साहेब भेटला आणि मुलगा पक्षिशास्त्रज्ञ झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात चिमणीपासून स्थिर कामापर्यंतचा रस्ता वीस-पंचवीस वर्षांचा आणि चांगलाच खाचखळग्यांचा होता. विद्यार्थ्यांनी वाचावयाचा भाग तो आहे.

तेराव्या वर्षाच्या सुमारास सलीमला डोकेदुखी जडली. ती इतकी की शाळा वरचेवर बुडू लागली. सिंधच्या कोरड्या हवेत बरे वाटेल, असे तिकडे असलेल्या एका नातलगाने सुचविल्यावरून त्याला सिंधला पाठविण्यात आले. शिक्षणात खंड पडला. परत येऊन १९१३ साली तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाला. ती डोकेदुखी कशाची होती, यावर शंभर वर्षांनंतर तर्क लढविण्यात अर्थ नाही. पण घरच्यांनी तिला ढोंग ठरविले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वर्षाची फिकीर न करता आधी प्रकृती, असे त्यांनी धोरण ठेवले. आज आपल्या मुलांपैकी कोणाचे डोके सतत दुखत असेल, झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. मुलाने तेथे बोलण्यात घराण्याची कसलीही बेअब्रू नाही.

मॅट्रिकनंतर सलीम अली सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले. पण गणिताने, त्यातही लॉगॅरिथमने, त्यांना घाबरवून सोडले. पहिले वर्षच इतके जड गेले की त्यांनी कॉलेज सोडले आणि थेट ब्रह्मदेश गाठला. तेथे दक्षिणेकडील तव्हॉय भागात त्यांच्या बंधूंचा वुल्फ्रॅम खनिजाचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचे खनिज. पोलाद कठीण करण्यास ते लागते. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्याला मागणी होती. घरच्यांच्या दृष्टीने ही सोय झाली. मुलगा शिकत नाही, तर निदान धंद्याला तरी लागला.

आपल्याकडेही हेच घडते. मुलाचे शिक्षण अडले की त्याला काकांच्या दुकानात बसवितात किंवा भावाच्या गॅरेजवर पाठवितात. त्यात गैर काही नाही. कष्टाच्या कमाईला इस्लाममध्ये मोठा मान आहे. पण सलीम अलींचे मन हिशेबाच्या वहीत रमेना. तव्हॉयभोवती घनदाट अरण्य होते आणि त्यात ठायी ठायी पक्षी. धंद्याच्या निमित्ताने निघावे आणि दुर्बीण लावून बसावे, असे होऊ लागले. वनखात्यातील जाणकार अधिकाऱ्यांशी तेथे त्यांची ओळख झाली आणि निरीक्षणाला धार आली. धंद्याला त्याचा उपयोग झाला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

१९१७ मध्ये ते मुंबईस परतले. वय वीस पूर्ण. हाती पदवी नाही, धंद्यात गती नाही, आणि जे येते त्याला बाजारात भाव नाही. पक्ष्यांच्या अभ्यासावर पोट भरणारा हिंदी माणूस त्या काळी कोणी पाहिलाही नव्हता. तेव्हा जो मार्ग कोणत्याही शहाण्या घराने सुचविला असता, तोच निवडण्यात आला. त्यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचा अभ्यास सुरू केला. आज कात्रज-धनकवडी भागातील खोल्यांमधून राहणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांची हीच अवस्था आहे. आवड एकीकडे, प्रवेश दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये घरचे तोंड.

याच सुमारास सलीम अलींच्या आयुष्यात फादर एथेलबर्ट ब्लॅटर आले. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, येसू संघाचे पाद्री आणि सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे विद्वान प्राध्यापक. नॅचरल हिस्टरी सोसायटीशी त्यांचा निकटचा संबंध होता. झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिसंग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो तो त्यांच्यावरूनच. चिमणी ओळखणाऱ्या मिलर्ड यांच्यासह त्यांनी भारतातील सुंदर वृक्षांवर केलेले लेखन पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या तरुणाचा खरा ओढा कोणीकडे आहे, हे फादर ब्लॅटर यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करण्याविषयी त्यांचे मन वळविले.

ज्या कॉलेजातून आपण तोंड लपवून निघून गेलो, तेथेच पुन्हा पाय ठेवावयाचा. समवयस्क मुले एव्हाना पदव्या घेऊन बाहेर पडलेली. अशा वेळी मनात जी शरम वाटते, ती अनुभवलेल्यालाच कळेल. बरे, पक्ष्यांचा नाद असला तरी शास्त्राची शिस्त ही वेगळी बाब आहे. शरीररचना, वर्गीकरण, सूक्ष्मदर्शकाखालचे काम या गोष्टी नुसत्या हौसेने येत नाहीत. सलीम अलींपाशी नजर होती, पण पाया नव्हता.

यातून जी तोड निघाली, ती फार व्यवहारी होती. कॉमर्सचे शिक्षण बंद झाले नाही. सकाळी दावर्स कॉलेजात हिशेब आणि कायदा, तेथून सुटले की झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे तास, असा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. घरच्यांच्या हाती भाकरीचा मार्ग राहिला आणि मुलाच्या हाती त्याचा जीव असलेला विषय आला. मागे डोकेदुखीने ज्याची शाळा बुडत होती आणि एक कॉलेज ज्याला झेपले नव्हते, त्याने आता दोन कॉलेजांचा भार उचलला आणि प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला. यावरून काम कमी केले की ताण हटतो, हा आपला समज तपासून पाहावासा वाटतो. अर्थात प्रत्येकाची प्रकृती निराळी. दुसऱ्याच्या मुलाला झेपले म्हणून आपल्या मुलावर लादू नये, हेही खरेच.

फादर ब्लॅटर यांच्या सल्ल्याने लगेच भाग्य उजळले, असे मात्र कोणी समजू नये. डिसेंबर १९१८ मध्ये सलीम अलींचा निकाह नात्यातल्याच तहमीना बेगम यांच्याशी झाला. संसार मांडला आणि पुन्हा ब्रह्मदेशातला तोच व्यवसाय पत्करावा लागला. युद्ध संपले, खनिजाचे भाव कोसळले आणि धंदा अखेर बुडाला. मुंबईस परत येऊन भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागात पक्षिशास्त्रज्ञाच्या जागेसाठी प्रयत्न केला, तर विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून नकार मिळाला. विषय येत होता, कागद नव्हता. पदवीला काय जाळायचे आहे, असे म्हणणाऱ्या मुलांनी आयुष्यातला हा प्रसंग नजरेआड करू नये. प्राणिशास्त्राचा तो अभ्यासक्रम पुरा झाला, तरी त्यातून पदवी हाती आली नव्हती आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नैसर्गिक इतिहासाचे नवे दालन उघडले, तेथे त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. महिना ३५० रुपये. त्या काळच्या मानाने पगार चांगलाच. संग्रहालय पाहावयास आलेल्या मुलांना प्राण्या-पक्ष्यांची माहिती सांगावयाची, असे काम होते. दोन वर्षांत त्यांना जाणवले की आपले ज्ञान अपुरे आहे. पदरची नोकरी रजेवर ठेवून १९२८ मध्ये ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसमन यांच्या हाताखाली शिकू लागले. उत्तर समुद्रातील हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, ते त्यांनी तेथे पाहून घेतले. स्ट्रेसमन यांना सलीम अली आयुष्यभर आपले गुरू मानीत.

पाहा, एका मुस्लिम मुलाच्या आयुष्याला मुंबईतला मामा, मद्याच्या पेढीतला इंग्रज, स्विस पाद्री आणि जर्मन प्राध्यापक अशा चौघांचे हात लागले आहेत. शिक्षणाच्या बाबतीत कोण कोणत्या पंथाचा, हे त्या चौघांनीही पाहिले नाही आणि शिकणाऱ्यानेही नाही.

१९३० मध्ये मोठ्या उमेदीने ते परतले, तो म्युझियममधील जागाच पैशाअभावी रद्द झालेली. परदेशात शिकून आलेला, लग्न झालेला पुरुष आणि घरात बिनकामाचा! शेजारीपाजारी काय म्हणाले असतील ते आपण जाणतोच. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पती-पत्नींनी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी मुक्काम हलविला. पावसाळ्याचे दिवस होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी घरटी विणावयास घेतली होती. सलीम अलींनी शिडी लावली, तिच्यावर आडोसा बांधला आणि तासन्‌तास त्या आडोशात बसून ते घरट्यांकडे पाहू लागले.

गावकऱ्यांनी हा माणूस कामातून गेला, असे म्हटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पण तेथे जे दिसले, ते कोणी नीट नोंदविलेले नव्हते. नर सुगरण घरटे अर्धवट विणतो आणि थांबतो. मादी येते, आत-बाहेर करून घराची पारख करते. पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून देतो आणि मादी अंडी उबवू लागली की तो दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणावयास घेतो. एकाच हंगामात एका नराचे असे एकामागून एक संसार चालतात. हे निरीक्षण १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पक्षिशास्त्रज्ञांत सलीम अलींचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर पावसाळाभर शिडीवर बसण्यास त्यांना सवड मिळाली असती का, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. त्यांनी सोसायटीपुढे असा प्रस्ताव ठेवला की पगार नको, मोहिमेचा खर्च मिळाला तर मी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करतो. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा एकेक पाहण्या होत गेल्या. तंबूतल्या त्या संसारात तहमीना बेगम बरोबर असत. पगार नसलेल्या या कामाला त्यांनी कधी नाक मुरडले नाही; उलट पतीला त्याच वाटेवर टिकविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. या आघातानंतर सलीम अली बहीण आणि मेहुणे यांच्याकडे राहू लागले आणि त्यांनी कामात स्वतःला गाडून घेतले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले, तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली होती, त्यांना १९५८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. पॉल गेटी पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीकडे वळविली. १९८५ साली आत्मचरित्र लिहिले, त्याला नाव दिले त्या पडलेल्या चिमणीचे. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

आता आमच्या तलावाकाठच्या मुलाविषयी. आत्मचरित्र वाचून झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. उपदेश केला नाही. दिवसभर तलावावर बसून संध्याकाळी घरी जाईपर्यंत मध्ये कोठे जातोस, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने त्याने सांगितले की मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात जाऊन बसतो, कॉइल भरण्यास मदत करतो. हे सांगताना तो प्रथमच माझ्या डोळ्यांकडे पाहून बोलला. मला मोटारीतले काही कळत नाही. म्हणून पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या माझ्या एका परिचित गृहस्थांच्या नावे मी चिठ्ठी दिली आणि त्याला एकट्यालाच पाठविले. तो जाईल की नाही, याची मला खात्री नव्हती. तो गेला. त्या गृहस्थांनी त्याला तीन तास बसवून घेतले.

सध्या तो सकाळी कॉलेजात जातो. राहिलेले दोन विषय त्याने पुन्हा दिले, एक सुटला. दुपारी दुकानात काम करतो आणि आठवड्यातून दोनदा त्या गृहस्थांकडे विजेच्या यंत्रांचा अभ्यास करतो. पुढे काय होणार, असे त्याचे वडील मला रिक्षा थांबवून अधूनमधून विचारतात. मला ठाऊक नाही, हे मी त्यांना खरे तेच सांगतो. गेल्या रविवारी मात्र त्यांनी काही विचारले नाही. मीटर पाडला, मला घरापर्यंत सोडले आणि माझ्या घरचा बंद पडलेला पंखा मुलाकडे दुरुस्तीला द्यावा, असे सांगून ते निघून गेले.